स्कोप घेताना मेगाहर्ट्झ नंतर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत मुलांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदावर लेख आला होता, वाचून बरं वाटलं, पण तो ब्रेडबोर्ड, सोल्डरिंग आणि मल्टिमीटरपाशी येऊन थांबला. आमच्या घरी नेमकं त्याच्या पुढेच घोडं अडलं होतं म्हणून लिहायला बसले. मी अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या एका युनिटमध्ये २२ वर्षं टेस्टिंगला होते, दिवसभर समोर सीआरओ (जुना, पिक्चर ट्यूबवाला ऑसिलोस्कोप) आणि हातात प्रोब (सर्किटला टेकवायची त्याची वायर), त्यामुळे स्कोपबद्दल, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपबद्दल, मला जे कळतं ते चार आईबापांच्या आणि पोरांच्या कामी यावं असं मनापासून वाटतं.

झालं असं की माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) रोबोटचा छोटा हात बनवला, तीन सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या) लावल्या, आणि तो हात मधेच थरथरायला लागायचा, कधी आर्डुइनो आपोआप रीसेट व्हायचा. आठवडाभर पोरगा कोडमध्येच चूक शोधत बसला. मल्टिमीटर लावला की ५ व्होल्ट, एकदम बरोबर. "मावशी, सप्लाय तर नीट आहे ना," हेच पालुपद. मी म्हटलं अरे मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, तोही सरासरी काढून, मधल्या मिलिसेकंदात काय झालं ते त्याला दिसतच नाही. मग त्याच्या मित्राकडचा हातात मावणारा स्कोप आणला, ५ व्होल्टच्या लाइनवर प्रोब लावला, ट्रिगर, म्हणजे रेघ कधी पकडायची ती खूण, सिंगलवर (एकदाच पकडून थांब) टाकून लेव्हल ४ व्होल्टला, खाली जाणारी एज (कड), आणि हात हलवला. सरळ चाललेली रेघ एकदम खड्ड्यात गेली, ३ व्होल्टच्या जरा वर टेकली आणि काही मिलिसेकंदांत परत वर आली. मोटर सुरू होताना करंट ओढते आणि सप्लायचं व्होल्टेज खाली बसतं, एवढंच. मोटरना वेगळा सप्लाय दिला, ग्राउंड कॉमन ठेवलं, मोटरजवळ १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावला, थरथर बंद! पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि त्याच संध्याकाळी ठरलं की आता स्वतःचा स्कोप पाहिजे.

साठवलेले साडेचार हजार घालून त्याने ऑनलाइन एक मागवला, खोक्यावर ठळक अक्षरात १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १० कोटी वेळा बदलणारा सिग्नल दाखवतो असा दावा. आल्यावर म्हटलं आधी तपासू. आर्डुइनोचा क्लॉक १६ मेगाहर्ट्झचा, टायमरमधून त्याच्या निम्मी म्हणजे ८ मेगाहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर) काढता येते, ती लावली तर स्क्रीनवर गुळगुळीत साइन वेव्ह, कोपऱ्यांचा पत्ता नाही. तोच बोर्ड ओळखीच्या रिपेअरवाल्याच्या बेंच स्कोपवर (टेबलावरच्या मोठ्या स्कोपवर) नेऊन लावला तर कडा सरळ उभ्या. स्क्वेअर वेव्ह म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी आणि तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा सगळ्यांची बेरीज असते, म्हणजे ८ ची स्क्वेअर वेव्ह नीट दिसायची तर २४ आणि ४० सुद्धा आत यायला हवेत, आणि हा स्कोप २४ लाच मान टाकत होता. बरं, खरी १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ (किती वेगापर्यंतचे सिग्नल दिसतात ती मर्यादा) असली तरी त्याचा अर्थ १०० ला सिग्नल पूर्ण दिसतो असा नाही, तिथे १ व्होल्टचा ०.७ व्होल्ट दिसतो. म्हणून आम्ही कामावर साधा हिशोब ठेवायचो, बघायच्या सिग्नलच्या पाचपट बँडविड्थ. आणि बँडविड्थ वेगळी, सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला किती मोजमापं घेतो तो, वेगळा, जाहिरातीत दोन्हीची सरमिसळ होते तिकडे लक्ष ठेवा.

पण हा स्कोप टाकून दे असं मी त्याला म्हटलं नाही, कारण सर्वोचा खड्डा असल्याच एका डब्याने दाखवला होता. सर्वोचा पल्स २० मिलिसेकंदांनी एकदा येतो, ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) सिरियलचा एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, ऑडिओ २० किलोहर्ट्झपर्यंत, सेन्सरशी बोलायची दोन तारांची आयटूसी लाइन बहुतेक वेळा १०० किंवा ४०० किलोहर्ट्झ. हे सगळं पाच-दहा मेगाहर्ट्झमध्ये आरामात बसतं. वेगवान एसपीआय (चिप-चिपमधली डेटा लाइन) बघायचंय, एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) स्विचिंगच्या कडा बघायच्यात तर खरे ५० तरी पाहिजेत, हॅम रेडिओवाल्यांना १०० च्या पुढे. म्हणजे आधी वहीत लिहा की मला काय काय बघायचंय आणि मग दुकानात जा, आमच्या पोराने उलटं केलं.

मला विचाराल तर मेगाहर्ट्झपेक्षा दोन चॅनलला, म्हणजे एकाच वेळी दोन सिग्नल बघायच्या सोयीला, जास्त पैसे द्यावेत. एका चॅनलवर काय झालं ते कळतं, कशामुळे झालं ते दुसऱ्यामुळे कळतं. सर्वोचंच घ्या, एक प्रोब सप्लायवर, दुसरा सिग्नलच्या पिनवर, आणि दिसतं की कमांड गेली त्याच क्षणी सप्लाय बसला. अ‍ॅम्प्लिफायरला इनपुट-आउटपुट एकाखाली एक, आयटूसीला क्लॉक आणि डेटा. एक चॅनलवाला घेतलेले लोक वर्षभरात दुसरा स्कोप शोधायला लागतात हे मी कितीदा पाहिलंय. नुसता डिजिटल डेटा वाचायचा असेल तर यूएसबीवर चालणारे ८ चॅनलचे २४ मेगाहर्ट्झवाले लॉजिक अ‍ॅनालायझर स्कोपच्या मानाने फारच स्वस्तात मिळतात, पल्सव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यावर चालतं, ते आधी घ्या.

स्कोपच्या मेमरीकडे, म्हणजे तो एका वेळी किती ठिपके साठवतो तिकडे, कोणी बघतच नाही. समजा मेमरी ४००० पॉइंटची आहे आणि स्क्रीनवर २०० मिलिसेकंद पसरलेत, तर दर ५० मायक्रोसेकंदांना एक ठिपका, मधे १० मायक्रोसेकंदांचा ग्लिच (क्षणभराचा झटका) येऊन गेला तर तो बहुतेक सापडायचा नाही आणि तुम्ही म्हणाल सर्किट ठीक आहे.

नवीन बेंच स्कोपमध्ये रिगॉलच्या डीएस१०५४झेडने बरीच वर्षं हौशी लोकांची टेबलं सांभाळली, ५० मेगाहर्ट्झ, चार चॅनल, पण चारही चालू केले की एकेकाला सेकंदाला २५ कोटी सॅम्पलच उरतात हे लक्षात असू द्या. २०२३ मध्ये त्यांचाच डीएचओ८०४ आला, ७० मेगाहर्ट्झ आणि १२ बिट, म्हणजे व्होल्टेज मोजायला जुन्या ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांऐवजी ४०९६, बारीक रिपल (सप्लायवरची लहर) बघायला फार फरक पडतो. सिग्लेंटचा एसडीएस११०४एक्स-ई हा १०० मेगाहर्ट्झचा चार चॅनलवालाही चांगला आहे. अर्थात हे हजारांमधले मोठे आकडे आहेत, विद्यार्थ्याला एकदम झेपणारे नाहीत. त्याच्यासाठी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने बनवलेलं एक्सपआइज-१७ बघा, कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचं, सेकंदाला १० लाख सॅम्पल, अधिक-उणे १६ व्होल्टचे इनपुट, आत सिग्नल जनरेटरही. फिजिक्सच्या प्रयोगांसाठी केलेलं आहे, ऑडिओ आणि सेन्सरला पुरतं. आपल्याकडे बनलेली ही वस्तू आपल्याच मुलांना माहीत नसते याचं मला वाईट वाटतं.

जुना सीआरओ घेणार असाल, २० मेगाहर्ट्झ दोन चॅनलवाला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वतः जा, दुकानात चालू करून घ्या आणि पाच मिनिटं तापू द्या. दोन्ही चॅनलची रेघ बारीक होते का, नॉब फिरवताना रेघ उड्या मारते का, पुढच्या कॅलिब्रेशनच्या खुंटीवर प्रोब लावून स्क्वेअर वेव्ह ट्रिगरवर स्थिर उभी राहते का, एवढं बघितलं तरी बस. एकदाच येऊन जाणारा पल्स त्यावर पकडून ठेवता येत नाही, पण नॉब फिरवत शिकायला त्याच्यासारखा मास्तर नाही. आणि घरी आणून खोलू नका, आत पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेंच स्कोपच्या प्रोबची ग्राउंडची क्लिप थेट घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. आपल्या २३० व्होल्टच्या मेन्सचं (घरच्या विजेच्या लाइनचं) शिखर ३२५ व्होल्टचं असतं, मोबाइल चार्जर किंवा एलईडी ड्रायव्हरच्या मेन्सकडच्या बाजूला ती क्लिप लावली की आतल्या ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या) डायोडमधून सरळ शॉर्ट. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नव्या लागलेल्या मुलाने एसएमपीएसला क्लिप लावली, आवाज झाला, क्लिपचं तोंड वितळलं आणि पोरगं भेदरून भिंतीला टेकलं, नशिबाने हाताला लागलं नाही. यावर काही जण स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडतात, ते तर कधीच करू नका, मग स्कोपची अख्खी बॉडीच लाइव्ह होते. तपासायचं सर्किट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेन्सशी थेट जोड तोडणाऱ्या) घ्यायचं, नाहीतर डिफरन्शियल प्रोब (क्लिप अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) वापरायचा, आणि शिकाऊ मुलांनी मेन्सच्या बाजूला जायचंच नाही, बॅटरीवरच्या सर्किटवर शिकायला भरपूर आहे. लॅपटॉपला जोडायच्या स्कोपलाही हेच लागू, लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर लावलेला असला की बहुतेक वेळा तिथूनच अर्थ मिळतो. जुन्या चाळींत अर्थिंग नावालाच असतं, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

एक विनंती इंजिनिअरिंग कॉलेजांना आणि आयटीआयना. नवीन डिजिटल स्कोप आले की चालू स्थितीतले सीआरओ भंगारात काढू नका, आसपासच्या शाळांना द्या, नाहीतर महिन्यातल्या एका रविवारी लॅब उघडी ठेवा म्हणजे मुलं विकत घेण्याआधी हात लावून बघतील. मी शिकवायला येईन, पैसे नकोत.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर रिगॉल, सिग्लेंट वगैरे सगळं कापा, अर्थिंगचा परिच्छेद तेवढा पूर्ण छापा.

– सीप्झमधली एक निवृत्त टेस्टर, जोगेश्वरी (पूर्व)