पाय कुठेही जमा होत नाहीत

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत शब्दांच्या सदरात 'पायजमा'ची फोड 'पाय + जमा' अशी दिली आहे. वर 'दोन्ही पाय ज्यात जमा होतात तो पायजमा' असा खुलासाही आहे. वाचून हसू आले, पण छापून आलेले खरे मानणारे वाचक अजून बरेच आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

शब्द फारसी आहे. 'पाय' म्हणजे पाय आणि 'जामा' म्हणजे कपडा. पायांचा कपडा, बस्स. फारसी 'पाय' आणि आपला 'पाय' हुबेहूब सारखे दिसतात त्यात नवल नाही. आपला 'पाय' संस्कृत 'पाद'वरून आला, आणि संस्कृत व जुन्या इराणी भाषा एकाच कुळातल्या. घोळ इथेच होतो. शब्दाचा पहिला अर्धा घरचा वाटला की दुसराही घरचाच असणार असे आपण धरून चालतो. गंमत अशी की सदरलेखकाने घरचा म्हणून पुढे केलेला 'जमा'ही मूळचा मराठी नाही, तो अरबीतून आला आहे.

'जामा' तर आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. लग्नाला निघालेल्या माणसाला 'एवढा जामानिमा करून कुठे?' असे विचारतो, त्यातला जामा म्हणजे घेरदार लांब अंगरखा आणि निमा हा त्याच घराण्यातला आखूड कपडा. फारसी 'पाय'ही आपल्याकडे एकटा आलेला नाही. पायमल्ली, पायबंद हे त्याचेच. 'कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही' या वाक्प्रचारातला पायपोस म्हणजे पाय झाकणारा, अर्थात जोडा. पायपोस आणि पायजमा हे एका साच्यातले शब्द आहेत. सदरात यांचा उल्लेख असता तर फोड आपोआप सुटली असती.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. अख्खा लेख सैल कपड्याच्या नावांवर असून त्यात 'विजार' नाही! या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत लांबचा प्रवास तिने केला आहे. अरबीतला 'इझार' म्हणजे कमरेला गुंडाळायचे न शिवलेले वस्त्र. हजला जाणारे पुरुष आजही दोन बिनशिवणीच्या चादरी वापरतात, त्यातली कमरेखालची ती इझार. फारसीमार्गे हिंदुस्थानात येईपर्यंत तिला शिवण पडली, दोन पाय फुटले आणि ती 'इजार' झाली. मराठीने पुढे 'व' जोडून तिची विजार केली. आपण ज्याला नाडी म्हणतो त्याला उर्दूत आजही 'इजारबंद' म्हणतात. म्हणजे ज्या वस्त्राला मुळात सुईसुद्धा लागली नव्हती, त्याच्या नावाने नाडी ओळखली जाते. (सरकारी कागदांतला 'इजारा' आणि 'इजारदार' यांचा हिच्याशी काही संबंध नाही, तो अरबी शब्द निराळा.)

नाडी जिच्यातून ओवतात ती दुमडपट्टी, म्हणजे नेफा, हाही फारसीच. धुलाईत नाडीचे एक टोक आत पळाले की सेफ्टी पिन अडकवून, पट्टीवरून बोटाने चाचपत, चुण्या मागे सारत ती पुन्हा बाहेर काढावी लागते. हे काम करताना तोंडात येणारे शब्द तेवढे अस्सल मराठी.

सुरवार, तुमान आणि लेंगा यांना लेखात एका ओळीत 'पायजम्याचे समानार्थी' म्हणून उरकले आहे. हे पटत नाही. सुरवार म्हणजे फारसी 'शलवार', जी अरबीत 'सिरवाल' होऊन थेट पोर्तुगीज भाषेपर्यंत पोचली. तुमानही फारसीतूनच आली, पण तिने खेड्यात ठाण मांडले. लेंगा म्हटला की मराठी माणसाला शेतावरचा, टोपी घातलेला पुरुष दिसतो. हिंदी माणसाला 'लहंगा' ऐकून नवरी दिसते. शिवाय सुरवार, विजार, तुमान या स्त्रीलिंगी, तर लेंगा आणि पायजमा पुल्लिंगी. समानार्थी म्हणून एकाच्या जागी दुसरा टाकून पाहा, वाक्यातला माणूसच बदलतो.

पायजमा इंग्रजीत गेल्यावर रात्रीचा झाला, हे लेखात बरोबर आहे. कारण मात्र राहून गेले. हिंदुस्थानातल्या युरोपियनांनी तो घरातला, झोपतानाचा ढिला कपडा म्हणून उचलला आणि तीच सवय घेऊन ते मायदेशी परतले. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात याची नोंद आहे. लंडनचे काही दुकानदार पायजम्याला पावलेही शिवून देत. ती कशासाठी, असे विचारल्यावर एका शिंप्याने 'बहुधा वाळवीमुळे असावे, साहेब' असे उत्तर दिल्याची आठवण त्या कोशात दिली आहे. 'पाय जमा'पेक्षा ही व्युत्पत्ती मला जास्त आवडली.

पुढच्या रविवारी 'पाटलोण' घेणार असल्याचे जाहीर झाले आहे. तिचा कोणत्याही पाटलाशी संबंध जोडू नये, ही विनंती. ती इंग्रजी 'पँटलून'वरून आली, आणि पँटलून हे नाव इटालियन विनोदी नाटकांतल्या पांतालोने नावाच्या चिक्कू म्हाताऱ्याच्या तुमानीवरून पडले.

आपला,
एक नियमित वाचक