रोपे नकोत, पाणी घालणारे हात हवेत

फोंडा शहरातील रहिवाशांना आवाहन

भूखंड पाडताना नियमाने सोडलेल्या खुल्या जागा आपल्या वसाहतींतून आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आज बांधकामाचा राडारोडा आणि रानमोडी दिसते. अशा जागांवर आणि रस्त्याकडेच्या रुंद पट्ट्यांवर येत्या पावसाळ्यात ४० झाडे लावायची आहेत. रोपे रोपवाटिकेतून मिळतात, ती कृपया विकत आणून देऊ नका. आमची अडचण डिसेंबरपासून पुढे सुरू होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जांभ्यावरची वीतभर माती नाताळापर्यंत सुकते आणि कोवळ्या मुळांना खाली ओल सापडत नाही.

पहिल्या वर्षी एका झाडाला आठवड्यातून दोनदा २० लिटर पाणी लागते. म्हणजे ४० झाडांना आठवड्याला १,६०० लिटर, तेही पुढचा मिरग येईपर्यंत. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा पुरते, तिसऱ्या वर्षी फक्त मार्च ते मे. टँकरच्या भरवशावर हे होत नाही, कारण उन्हाळ्यात टँकर आधी घरांना लागतो. म्हणून प्रत्येक झाडामागे दोन शेजारची घरे हवीत. एक घर शिगम्याला किंवा मे महिन्यात गावी गेले, तरी दुसरे असते. ज्यांच्या आवारात बारमाही विहीर आणि पंप आहे त्यांनी तर आधी नाव द्यावे. एसीचे पाणी बादलीत साठवून घातले तरी चालते. साबणाचे आणि फिल्टरमधून वाया जाणारे खारट पाणी मात्र नको.

खड्डे मे महिन्यात खणायचे, लावणी मृगाचा पाऊस जमिनीत फूटभर मुरल्यावर, आणि जुलै संपायच्या आत काम पुरे. खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तेवढाच खोल. कठीण जांभा लागला तर दोन फुटांवर थांबून तळ पहारेने फोडायचा. तसे न केल्यास खड्ड्याची घागर होते, आषाढात पाणी साचते आणि मुळे कुजतात. पाने पिवळी पडली की लोक आणखी पाणी घालतात! म्हणून खणल्यावर खड्डा पाण्याने भरून पाहायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर तिथे फूटभर उंचवटा करून त्यावर लावायचे. भरताना दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड. राडारोड्याची माती परत टाकायची नाही, सिमेंटच्या चुऱ्याने ती अल्कधर्मी होते. पिशवी पूर्ण काढायची आणि तळाशी गुंडाळलेली मुळे कापायची.

बकुळ, करंज, उंडी आणि सीता अशोक ही आमची पहिली पसंती. गुलमोहर मागणारे पुष्कळ भेटतात. फुलतो छान, पण उथळ मुळांमुळे पावसातल्या वाऱ्याला आडवा होतो. जांभूळ खुल्या जागेत लावू, पार्किंगजवळ नाही. विजेच्या तारांखाली पारिजातकापेक्षा मोठे काही नको. वड-पिंपळ भिंतीपासून निदान दहा मीटर दूर.

पाण्याखेरीज बरीच रोपे गवत कापणीतही मरतात. चतुर्थीच्या आधी ग्रास कटर फिरतो, नायलॉनची दोरी बुंध्याला लागते, साल गोलाकार सोलली जाते आणि झाड उभ्याउभ्या वाळते. बुंध्याभोवती दोन फूट गवत हातानेच उपटावे लागेल. आधाराच्या बांबूंना रोप काथ्याने सैल बांधायचे, प्लास्टिकच्या दोरीने नाही, ती सालीत रुतते. नारळाची सोडणे आणि सुका पाचोळा तीन-चार इंच पसरायचा, बुंध्यापासून मात्र वीतभर लांब. हा पाचोळा हवा असल्याने आपल्या आवारातला जाळू नका, गोणीत भरून द्या.

याखेरीज बांबू, शेणखत, वापरात नसलेली ५०० लिटरची टाकी, पिकअप गाडी आणि दगड फोडायचा ब्रेकर चालवणारा माणूस हवा आहे. रोख रक्कम फक्त ब्रेकरचे भाडे आणि गुरांपासून बचावाच्या कुंपणांसाठी घेऊ. पावती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नये. खर्चाचा हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल.

जागेसाठी पालिकेची परवानगी आणि जमिनीखालच्या नळ, वीज, मलवाहिन्यांची खात्री मंडळ करील. आधीची झाडे कोणी परस्पर तोडू नयेत. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ज्यांच्या फाटकासमोर पेव्हर आहेत त्यांनी झाडासाठी मीटरभर चौकोन उघडा ठेवायला संमती द्यावी.

नावे एप्रिलअखेरपर्यंत मंडळाकडे द्या. सोबत तीन गोष्टी लिहा: घरापासून जागेपर्यंतचे अंतर, पाण्याची सोय (विहीर की नळ) आणि जोडीला कोणते शेजारघर आहे. जोडी नसेल तर तसे कळवा, आम्ही जुळवून देऊ.

रहिवासी मंडळ, फोंडा