‘अप’, ‘बाय’, ‘टू’ आणि आपल्या विभक्ती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुरवण्यांतून इंग्रजी शब्दयोगी अव्ययांचे तक्ते छापून येतात. ‘राइझ’पुढे ‘टू’, ‘बाय’, ‘फ्रॉम’, ‘अबव्ह’. ‘क्लाइम’पुढे ‘अप’, ‘ओव्हर’, ‘ऑन्टू’. मुले ते पाढ्यांसारखे घोकतात आणि तरीही ऐन पेपरात चुकतात. दोष त्यांच्या पाठांतराचा नाही. ‘वर जाणे’ मराठी एका जागी ठेवते आणि इंग्रजी दुसऱ्या, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते.

‘तो धावत जिना चढला’ हे वाक्य घ्या. वर जाणे ‘चढला’ या क्रियापदात आले. कसा गेला हे ‘धावत’ने सांगितले. इंग्रजीत याच्या नेमके उलट होते: ‘ही रॅन अप द स्टेअर्स’. क्रियापद धावण्याचे, आणि चढण्याचा सगळा भार एकट्या ‘अप’वर. मराठी मूल मात्र ‘ही क्लाइम्ड द स्टेअर्स रनिंग’ लिहिते. व्याकरणाच्या काट्यावर ते वाक्य कसेबसे पास होते, पण तसे कोणी बोलत नाही. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने भाषांची जी विभागणी मांडली ती याच मुद्द्यावर: काही भाषा दिशा क्रियापदात ठेवतात, काही त्याच्या शेजारच्या छोट्या शब्दात. स्पॅनिश पहिल्या गटातली, इंग्रजी दुसऱ्या. या बाबतीत मराठी स्पॅनिशच्या पंगतीला बसते.

यातून भाषांतराची एक साधी रीत निघते. मराठी वाक्यातले ‘-त’ लागलेले रूप आधी उचलायचे आणि त्याचेच इंग्रजी क्रियापद करायचे. मग मूळ मराठी क्रियापदाच्या जागी दिशेचा शब्द ठेवायचा: ‘चढणे’साठी ‘अप’, ‘उतरणे’साठी ‘डाउन’, ‘ओलांडणे’साठी ‘अक्रॉस’, ‘शिरणे’साठी ‘इन्टू’. ‘लंगडत टेकडी चढली’ म्हणजे ‘शी लिम्प्ड अप द हिल’. ‘पोहत नदी ओलांडली’ म्हणजे ‘स्वॅम अक्रॉस द रिव्हर’. अशी वीस-पंचवीस वाक्ये उलटसुलट करून घेतली की तक्त्याचा निम्मा भाग आपोआप येतो.

‘क्लाइम’ (शेवटचा ‘बी’ लिहायचा, उच्चारायचा नाही) हे मात्र थोडे चमत्कारिक क्रियापद आहे. त्यात दोन अर्थ एकत्र नांदतात: वर जाणे, आणि हातापायांनी धरत-पकडत जाणे. यातला एक गळला तरी चालतो. विमान ‘क्लाइम’ करते, त्याला हातपाय नसतात. माणूस शिडीवरून ‘क्लाइम डाउन’ करतो, तिथे ‘वर’ नसतो. दोन्ही एकदम गळाले तर मात्र वाक्य बिघडते, म्हणून विमान ‘क्लाइम्ड डाउन’ असे कोणी म्हणत नाही. शब्दशः ‘खाली चढला’ असे वाटून मुले ‘क्लाइम डाउन’ला हसतात, तेव्हा हे सांगायला हवे.

याच क्रियापदापुढे अव्यय असणे-नसणे अर्थ बदलते. ‘क्लाइम्ड द माउंटन’ म्हटले की ऐकणारा माथा गाठला असे धरतो. ‘क्लाइम्ड अप द माउंटन’मध्ये अर्ध्यावरून परतलेलाही बसतो. हिलरी आणि तेनझिंग यांनी २९ मे १९५३ रोजी ‘क्लाइम्ड एव्हरेस्ट’. मॅलरी आणि अर्विन हे ब्रिटिश गिर्यारोहक १९२४ मध्ये त्याच पर्वतावर नाहीसे झाले. ते शिखरावर पोचले होते का, हे आजही ठाऊक नाही. त्यांच्याबद्दल जपून लिहिणारा ‘क्लाइम्ड ऑन एव्हरेस्ट’ असेच लिहील. एका ‘ऑन’ने केवढा वाद टळतो!

‘राइझ’ आणि ‘रेझ’ यांची गल्लत तर जुनीच. ‘प्रायसेस हॅव रेझ्ड’ आणि ‘ही रोझ हिज हँड’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. इथे मराठी फार उपयोगी पडते. झाड पडते आणि कोणीतरी झाड पाडतो. एका स्वराच्या फरकाने अकर्मकाचे सकर्मक झाले. ‘राइझ’ आणि ‘रेझ’ हे तसेच जोडपे आहे (झाडापुरते बोलायचे तर इंग्रजीत ‘फॉल’, म्हणजे पडणे, आणि ‘फेल’, म्हणजे पाडणे, आहेतच). आपोआप वर जाते ते ‘राइझ, रोझ, रिझन’. कोणी वर नेते ते ‘रेझ, रेझ्ड, रेझ्ड’. वाक्यात ‘काय?’ असा प्रश्न विचारावा. ‘हात’ असे उत्तर मिळाले तर ‘रेझ’, उत्तरच नसेल तर ‘राइझ’.

सर्वांत महागात पडणारी चूक आकड्यांची. तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर ते ‘रोझ बाय १०’ आणि ‘रोझ टू ३०’. ‘बाय’ सांगतो किती, ‘टू’ सांगतो कुठवर. अदलाबदल झाली तर ३० अंशांचे तापमान ५० होते किंवा थेट १० वर उतरते, आणि वाक्य व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेतूनही निसटते. मराठीत आपण हे कधीच चुकत नाही: ‘१० अंशांनी वाढले’, ‘३० अंशांवर गेले’. म्हणजे ‘-ने, -नी’ला ‘बाय’, ‘-वर’ला ‘टू’ आणि ‘-वरून’ला ‘फ्रॉम’. या ‘-वर’ला ‘ऑन’ मात्र जोडू नये.

क्रियापद जाऊन नाम आले की अव्ययही बदलते. हे मुलांना जुलमी वाटते, पण आपणही तेच करतो. ‘१० अंशांनी वाढले’, पण ‘१० अंशांची वाढ’. म्हणून ‘रोझ बाय १०’, पण ‘अ राइझ ऑफ १०’. ‘तापमानातली वाढ’ म्हणजे ‘राइझ इन टेंपरेचर’. तो ‘इन’ आपल्या ‘-त’मध्ये आधीच बसलेला आहे. टक्क्यांत आणखी एक खाच आहे. दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर तो ‘बाय २ पर्सेंटेज पॉइंट्स’ वाढला. ‘बाय २ पर्सेंट’ लिहिले तर ४ चे २ टक्के, म्हणजे नवा दर ४.०८ टक्के. प्रत्यक्ष वाढ ५० टक्क्यांची आहे.

‘अप’ दरवेळी दिशाच दाखवतो असेही नाही. ‘रॅन अप द हिल’ म्हणजे टेकडी धावत चढला, तर ‘रॅन अप अ बिल’ म्हणजे बिल वाढवून ठेवले. कसोटी अशी: नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहा. बिल असेल तर ‘रॅन इट अप’, टेकडी असेल तर ‘रॅन अप इट’. पहिला ‘अप’ क्रियापदाला चिकटलेला आहे, दुसरा नामाला.

किरकोळ गोष्टींत, ‘अप टू’ हे दोन शब्द आहेत. ‘इन्टू’च्या धर्तीवर ते जोडून लिहिण्याची सवय आपल्याकडे अगदी कार्यालयीन पत्रांतही दिसते. ‘अपस्टेअर्स’च्या आधी ‘टू’ येत नाही. आणि ‘वेंट अप टू हिम’मध्ये कोणी वर गेलेले नसते, तो नुसता त्याच्याजवळ गेला.

यापुढे पुरवणीत असा तक्ता छापाल तेव्हा त्यात मराठी विभक्तीचा एक रकाना वाढवावा, एवढीच विनंती. ‘राइझ टू द ऑकेजन’ (वेळ निभावून नेणे) यासारख्या प्रयोगांपुढे तो रकाना रिकामा राहील. तेवढे मुलांनी खुशाल पाठ करावेत.

आपला नम्र,
इंग्रजीचा एक शिक्षक