परदेशी सहलेखक किती, यापेक्षा वाटा किती?

मा. संपादक,

विद्यापीठांच्या मानांकनांचे निकाल लागले की परदेशी सहलेखकांसह छापलेल्या शोधनिबंधांचा आकडा हौसेने पुढे केला जातो. अशा निबंधांना सरासरीने जास्त सायटेशन (इतर निबंधांतले हवाले) मिळतात, हे खरे. पण लेखक चार देशांतले असले की निबंध चार वर्तुळांत आयताच पोचतो, आणि प्रत्येकजण पुढच्या लेखनात त्याचा हवाला देतो. वाढीतला हा भाग गुणवत्तेच्या खाती कसा जमा करायचा? शिवाय चार संस्थांचा एक निबंध चारही ठिकाणी पूर्ण एक धरला जातो. नेदरलँड्सच्या लायडन या विद्यापीठ क्रमवारीत अंशमोजणीचीही, म्हणजे एक निबंध संस्थांत वाटून मोजण्याचीही, सोय आहे. तिथे प्रत्येक संस्थेच्या पदरात पाव निबंधच पडतो.

‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात २०२३ साली आलेल्या अभ्यासात सुमारे २ कोटी निबंध व ४० लाख पेटंट अर्ज तपासले गेले. दूरदूर विखुरलेल्या गटांकडून मूलगामी शोध कमी निघतात, असे त्यात दिसले. कल्पना एकत्र बसणारे मांडतात. लांबच्यांच्या वाट्याला तांत्रिक काम येते.

सुपरकपॅसिटरचेच, म्हणजे वीज साठवणाऱ्या उपकरणाचेच, बघा. त्याच्या इलेक्ट्रोडचा पातळ थर कोल्हापुरात बनवायचा आणि मोजणी दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये, असे ठरले, तर तीन इलेक्ट्रोडची मांडणी (तीत एकाच इलेक्ट्रोडचे मोजमाप होते) की दोन इलेक्ट्रोडचा पूर्ण सेल, हे नमुना पाठवण्यापूर्वीच लिहून घ्यावे. एकसारख्या दोन इलेक्ट्रोडच्या सेलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, फॅराडमध्ये) एकूण वजनाने भागला की आकडा एका इलेक्ट्रोडच्या आकड्याचा चौथा हिस्सा येतो. तक्त्यात नुसते ‘फॅराड प्रति ग्रॅम’ लिहिलेले असेल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि तुलना मात्र चूक! थराचे वजन १ मिलिग्रॅम असताना तराजूची चूक ०.१ मिलिग्रॅम असली तरी १० टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून तराजूची अचूकता, इलेक्ट्रोलाइटची (सेलमधल्या वीजवाहक द्रावणाची) तीव्रता, व्होल्टेजची मर्यादा आणि मोजणीची मूळ फाइल, सगळे नमुन्याच्या क्रमांकाखाली ठेवावे. आलेखाच्या चित्रावरून पुढे काही तपासता येत नाही.

लेखकांचा क्रमही आधीच ठरावा. नंतर तो हमखास चिघळतो. प्रवासाचा निधी निबंध लिहिताना नव्हे, प्रश्न ठरवताना खर्चावा, कारण नेमके तेच काम व्हिडिओ कॉलवर अर्धवट राहते.

विद्यापीठांनी वार्षिक अहवालात निबंधसंख्येशेजारी अंशमोजणीचा आणि कोणी काय केले याचा, असे दोन रकाने वाढवावेत. ही माहिती बऱ्याच नियतकालिकांत निबंधाच्या शेवटी छापलेलीच असते.

– मटेरियल सायन्सचे काही अध्यापक, कोल्हापूर