शिक्षणसेवक आणि ला साल

प्रिय बाळा,

शिक्षणसेवकांचं मानधन रखडलं आणि तू मुख्याध्यापक म्हणून त्यांना "धीर धरा" म्हणालास, ते गप्प बसले, असं फोनवर सांगितलंस. त्या गप्प बसण्यात फार समाधान मानू नकोस.

फ्रान्समधल्या रँस शहरात 1651 साली जाँ-बाप्तिस्त द ला साल जन्मले. घर श्रीमंत. सोळाव्या वर्षीच कॅथेड्रलमधलं, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमधलं, मानाचं पद मिळालं, बसल्या जागी उत्पन्न. 1679 मध्ये आद्रियाँ नीएल नावाचा माणूस गरीब मुलांसाठी फुकट शाळा काढायला तिथे आला. ला साल मदतीला म्हणून गेले आणि अडकलेच. शिक्षक मिळाले ते अर्धवट शिकलेले, गबाळे. आपल्या नोकराहूनही हे खालचे वाटायचे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तरी 1681 मध्ये त्यांना थेट आपल्या घरी राहायला आणलं. नातेवाईक असे बिथरले की धाकट्या भावांना तिथून घेऊन गेले.

हे शिक्षक म्हातारपणाच्या काळजीने कुरकुरू लागले. ला साल यांनी 'रानातल्या फुलांची काळजी देव घेतो, तुमचीही घेईल' असा उपदेश केला. त्यावर शिक्षकांनी सुनावलं, तुमचं काय जातंय बोलायला? तुमच्याकडे पद आहे, इस्टेट आहे. शाळा बुडाल्या तर रस्त्यावर आम्ही येणार.

ते त्यांना लागलं. 1683 मध्ये पद सोडलं, तेही भावाला न देता एका गरीब धर्मगुरूला दिलं. पुढे दुष्काळ पडला, तेव्हा आपली संपत्ती भाकरी वाटण्यात घालवली. शाळांसाठी त्यातलं काही राखायला हवं होतं, असं माझं व्यवहारी मन अजून म्हणतं. पण त्यानंतर ते शिक्षकांसमोर बोलायला उभे राहिले की कुणाला उलट उत्तर सुचत नसणार.

त्यांच्या शाळेत वाचन लॅटिनऐवजी फ्रेंचमधून सुरू व्हायचं. गरिबाचं पोर लवकर कामाला जुंपलं जातं, तोवर त्याला निदान वाचता यावं, हा साधा हिशेब.

तू नोकरी सोड असं मी म्हणत नाही, घराचे हप्ते कोण फेडणार? पण मानधनाची फाईल कोणत्या टेबलावर अडकलीय ते सोमवारी स्वतः जाऊन बघ, आणि जाताना त्यांच्यातल्या एकाला बरोबर ने.

तुझे,
बाबा