डॉक्टर मॅडम, तुम्ही पोटावर हात ठेवून विचारलंत म्हणून...

मॅडम नमस्कार, तुमच्याकडे रोज इतके पेशंट येतात त्यामुळे आठवेल की नाही माहीत नाही, पण आईबरोबर धायरीहून जो मुलगा आला होता, बेल्टला घरीच दोन जास्तीची भोकं पाडलेला, त्याची मी मोठी बहीण.

तोपर्यंत आमचे चार महिने नुसते हेलपाट्यात गेले होते. आधी गॅसच्या गोळ्या, मग जंताचं औषध, मग कोणी म्हणालं अपेंडिक्स, हिंजवडीची नोकरी बिनपगारी रजेवर, रोज संध्याकाळी कणकण यायची ती आम्ही दगदगीवर ढकलली, आणि वजन ६२ वरून ४८. शेवटी एका ठिकाणी सीटी बघून क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार, आहे म्हणाले आणि स्टेरॉइड लिहून दिलं. ती चिठ्ठी खिशात घेऊनच आम्ही तुमच्याकडे आलो होतो.

तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत, त्याला झोपवलंत, हात चोळून गरम केलेत आणि उजवीकडे खाली दाबत विचारलंत, "इथे गोळा फिरल्यासारखा होतो का? गुडगुड होऊन मग बरं वाटतं?" तो तिथेच उठून बसला हो, कारण अगदी तसंच व्हायचं आणि चार महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग केसपेपरच्या मागे पेनने आतडं काढलंत, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे गोल केलात आणि सांगितलंत की आतड्याचा टीबी जास्त करून इथेच होतो, क्रोन्सही इथेच होतो, दुर्बिणीतून दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून तुकडा तपासल्याशिवाय स्टेरॉइड नको, टीबी असला तर त्याने भडकेल.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे त्या दुर्बिणीच्या तपासणीच्या, आदल्या रात्री ते औषधाचं पाणी पिऊन तो पार गळून गेला होता. टीबीच्या जंतूची जीन एक्स्पर्ट टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा मला वाटलं सुटलो. तुम्ही म्हणालात थांबा, आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात, निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाही असं नसतं. बायोप्सीत गाठी दिसल्या, टीबीत दिसतात तशाच, आणि काही आठवड्यांनी कल्चरही, म्हणजे जंतू वाढवून बघतात ती टेस्ट, पॉझिटिव्ह आलं. ती चिठ्ठी आम्ही वापरली असती तर, हा विचार मला अजून रात्री येतो.

आणि आईचं. तिने त्याचं ताट-वाटी वेगळं केलं होतं, घरात कुणाला कळू देत नव्हती. तुम्ही तिला खुर्चीत बसवून छातीचा एक्सरे उजेडात धरून दाखवलात, फुप्फुसं स्वच्छ आहेत, याच्या श्वासातून कुणाला काही होणार नाही, एकत्र जेवा. त्या रात्री आम्ही सगळे एकत्र जेवलो.

चार औषधं दोन महिने, मग तीन औषधं चार महिने, गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट, टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकारच्या निक्षय योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात, ते अंडी-दुधाला लागले. लघवी केशरी होईल हे आधीच सांगितलं होतंत म्हणून पहिल्या दिवशी कुणी घाबरलं नाही. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या तेव्हा मी रात्री साडेनऊला फोन केला, तुम्ही उचललात, गोळ्या थांबवायला सांगितल्यात आणि सकाळी आधी लिव्हरची टेस्ट करायला लावलीत. रिपोर्ट नीट आला, मग पुन्हा सुरू. एका महिन्यात ताप गेला होता, पोट मात्र अधूनमधून दुखायचं, तेव्हा तो चिडून गोळ्या सोडायला निघाला होता, तुम्ही त्याला जखम भरतानाही आतडं आखडतं हे तेच चित्र पुन्हा काढून समजावलंत. त्याने एकही डोस चुकवला नाही.

सहा महिने झाले. परवाच्या कोलोनोस्कोपीत अल्सर भरलेले दिसले, वजन ५९ आहे, काल ज्वारीच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या त्याने, आई नुसती बघत बसली होती.

तुमचं ते पेनचं चित्र आम्ही जपून ठेवलंय. मंगळवारी फॉलोअपला येतोय, आई शेंगदाण्याची चटणी आणणार आहे तुमच्यासाठी, नाही म्हणू नका.