वहीतले शून्य आणि पासबुकातले १,४७५ रुपये

कराड,
दि. २७ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक

प्रत : मा. तक्रार निवारण अधिकारी, मुख्य कार्यालय

विषय : नववीतील मुलीचे खाते शून्य शिलकीचे सांगून प्रत्यक्षात साधे बचत खाते उघडल्याबाबत, त्यातून दरमहा दंड कापल्याबाबत आणि शिष्यवृत्तीसाठीचे आधार सीडिंग (खात्याची आधार जोडणी) न केल्याबाबत.

महोदय,

मी येथील एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटिसा टाइप करते. स्वतःसाठी असा कागद आजच पहिल्यांदा करते आहे, तेव्हा 'सदरहू' आणि 'उपरोक्त' थोडे बाजूला ठेवून सरळच लिहिते.

माझी मुलगी आठवीत असताना एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेमार्फत होते ती. नववी ते बारावी अशी चार वर्षे, वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती. त्यासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे खाते लागते आणि ते आधारशी जोडलेले लागते. शाळेने जूनच्या सुरुवातीलाच तसा निरोप दिला होता.

खाते कुठे काढायचे हे मुलीनेच ठरवायचे, असे मी तिला सांगितले. पैसे तिच्या अभ्यासाचे आहेत. तिने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने रकाने आखले. वर तीन नावे : पोस्ट, स्टेट बँक, आपली बँक. डाव्या बाजूला प्रश्न : कमीत कमी शिल्लक किती, एटीएम कार्ड मिळेल का, कार्डाचे पैसे किती, सही कुणाची, मोबाइलवर दिसेल का. पोस्टाच्या रकान्यात तिने चौकशी करून ५०० लिहिले. स्टेट बँकेच्या रकान्यात 'अट नाही' लिहिले, कारण तिथे २०२० पासूनच बचत खात्याला किमान शिलकीची अट राहिलेली नाही. आपला रकाना भरायला आम्ही दोघी १० जूनला आपल्या शाखेत आलो.

काउंटरशेजारच्या टेबलावर आपले एक प्रतिनिधी होते. त्यांचे नाव मी या पत्रात घालत नाही. तरुण पोरगा आहे, डोक्यावर टार्गेट असणार. मुलीने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि पहिलाच प्रश्न विचारला. त्यांनी हसून स्वतःच्या हिरव्या पेनाने रकान्यात मोठे शून्य काढले, त्याला गोल केला आणि शेजारी बरोबरची खूण केली. "टीनएजर अकाउंट आहे ना, झिरो बॅलन्स. कार्डवर तुझा फोटो पण येणार." कार्डाच्या पैशांच्या रकान्यातही तसेच हिरवे शून्य. त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. झेरॉक्समध्ये पेनाचा रंग दिसणार नाही, मूळ वही पाहायची असेल तर मुलगी घेऊन येईल.

माझी चूकही मान्य करते. आपली शाखा माझ्या ऑफिसच्या समोर आहे, जेवणाची सुट्टी पाऊण तासाची असते, आणि फोटोचे कार्ड म्हटल्यावर पोरीचे डोळे चमकले. पोस्टापर्यंत चालत जायला हवे होते.

त्या दिवशी खाते झाले नाही. "वडिलांची सही लागेल, पालक वडीलच असतात," असे सांगण्यात आले. माझे मालक ट्रकवर असतात, तेव्हा ते बेंगळुरूच्या वाटेवर होते. आई अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांची पालक म्हणून खाते उघडू शकते, ही मुभा रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच दिली आहे आणि २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ती पुन्हा लिहिली आहे. लेखिका गीता हरिहरन यांचा खटला तर थेट रिझर्व्ह बँकेविरुद्धच होता. मुलाच्या नावाच्या रोख्यांच्या अर्जावर आईची सही चालेना म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, आणि निकाल आईच्या बाजूने लागला, १९९९ साली. मी हे तेव्हाही तोंडी सांगितले होते. शेवटी आमच्या वकीलसाहेबांनी फोन केला आणि २० जूनला माझीच सही चालली. फोन करायला वकील नसलेल्या बायांनी काय करायचे, हा प्रश्न आपल्यावर सोडते. शाखेतून निघताना मुलांच्या नावाची एक विमा पॉलिसीही दाखवण्यात आली. ती मी घेतली नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. आम्ही सही केली तेव्हा अर्जातला 'खात्याचा प्रकार' हा चौकोन कोरा होता. "आम्ही भरतो, मॅडम" असे उत्तर मिळाले. नोटिशीतली एकही मोकळी जागा मी कधी तशी सोडत नाही, आणि इथे सोडली. खात्यात २,००० रुपये भरले. पुढे पासबुकात जे उतरले ते असे : जुलैत कार्डाचे वार्षिक शुल्क २०० आणि त्यावर जीएसटी ३६, म्हणजे २३६. ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याला किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड १५० आणि जीएसटी २७, म्हणजे १७७. असे सात वेळा, १,२३९ रुपये. एकूण १,४७५. मधे भाऊबीजेच्या ओवाळणीचे ५०० तिने भरले, तेही त्यातच विरघळले. खात्यात भरलेले एकूण २,५००, आजची शिल्लक व्याजासह १,०४८.

व्याजाची गोष्ट मुलीनेच मला दाखवली. पासबुक प्रिंट करून आणल्यावर ती बराच वेळ सप्टेंबरच्या ओळींवर बोट ठेवून बसली होती. "आई, तीन महिन्यांचं व्याज अकरा रुपये, आणि एका महिन्याचे कापले एकशे सत्याहत्तर?" बचतीवर शाळेत निबंध असतो, त्यात हे कुठे लिहायचे असेही तिने विचारले. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

ऑक्टोबरपासून मी तीनदा शाखेत आले. दर वेळी खुर्चीवर नवीन माणूस. तिसऱ्या वेळी कुठे संगणकात बघून उलगडा झाला : आपले शून्य शिलकीचे किशोर खाते आई किंवा वडिलांचे आपल्याकडेच खाते असेल तरच मिळते. माझे खाते आपल्याकडे नाही. म्हणून आतल्या आत मुलीला साध्या बचत खात्यात टाकले गेले, ज्याला सरासरी मासिक शिल्लक ५,००० लागते. ही अट १० जूनला सांगितली असती तर आमची वही तिथेच मिटली असती. टेबलावर जे विकले ते एक खाते, संगणकात जे उघडले ते दुसरे. माझी तक्रार याच फरकाची आहे.

दंडाबद्दलही दोन गोष्टी. किमान शिल्लक कमी झाली तर आधी खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, भरणा करायला निदान एक महिना द्यायचा, मगच दंड, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्येच सांगितले आहे. माझ्या मोबाइलवर आपले सातही मेसेज जपून ठेवले आहेत. सातही 'वजा केले' असे सांगणारे, 'वजा करणार आहोत' असा एकही नाही. दुसरे, दंड कमी पडलेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांत असावा असे तेच परिपत्रक म्हणते. इथे ३,००० कमी पडोत की ४,०००, कापले सरसकट १५०. शिवाय हेच चालू राहिले तर आणखी पाच वजावटींनंतर खात्यात जेमतेम १६३ रुपये राहतील आणि सहावी वजावट खाते उण्यात नेईल. दंडापायी कुणाचेच खाते उण्यात जाता कामा नये, आणि अज्ञानाच्या खात्यात तर शिल्लक कायम जमेचीच हवी. १८७२ च्या करार कायद्याने अज्ञानाशी केलेला करारच टिकत नाही, मग तिच्या नावावर येणे कसले दाखवणार? सातबाऱ्यावर आम्ही 'अ.पा.क.' लिहितो, अज्ञान पालनकर्ती आई. या प्रकरणात अज्ञान कोण निघाले ते वहीच्या पानावर दिसते आहेच.

आता आधारचे. २० जूनला मी आधार जोडणीचा वेगळा संमती अर्जही भरून दिला होता. पोच मागितली तर "सिस्टीममध्ये येतं" असे उत्तर. जानेवारीत शाळेच्या क्लार्कनी सांगितले की मुलीच्या खात्याला आधार सीडिंग नाही, शिष्यवृत्तीचे पैसे जाणार नाहीत. शाखेत विचारले तर "आधार लिंक आहे की." आहे, पण केवायसीपुरते, म्हणजे ओळख पटवण्यापुरते. सरकारी अनुदान ज्या नोंदीवरून वळते ती एनपीसीआयकडची (बँकाबँकांतले पैसे वळते करणारी संस्था) नोंद वेगळी असते, आणि ती बँकेने करायची असते. हे मला, एका टायपिस्टला, 'माय आधार'च्या साइटवर बँक सीडिंगची स्थिती उघडून आपल्या कर्मचाऱ्याला दाखवावे लागले. तिथे आपल्या बँकेचे नावच नव्हते. नोंद झाली १२ फेब्रुवारीला. १२,००० रुपये आजतागायत आलेले नाहीत.

मैत्रिणी म्हणतात, बंद कर ते खाते आणि स्टेट बँकेत जा. तसे करताही येत नाही, आणि खरा राग मला याचाच आहे. एका वेळी एकाच बँकेशी सीडिंग राहते. खाते बदलले तर पुन्हा सीडिंग, शाळेमार्फत शिष्यवृत्ती पोर्टलवर पुन्हा दुरुस्ती, आणि त्या गडबडीत वर्ष निघून जायचे. म्हणजे पैसे येईपर्यंत आम्ही आपल्याकडेच अडकलेलो, आणि आल्यावर त्यातून पुन्हा १७७ कापायला आपण मोकळे.

तेव्हा माझे म्हणणे असे. कापलेले १,४७५ रुपये जीएसटीसह मुलीच्या खात्यात परत जमा करावेत. खाते क्रमांक आणि आधार सीडिंग न बदलता हे खाते मूलभूत बचत ठेव खात्यात रूपांतरित करावे. त्यात किमान शिलकीची अट नसते, एटीएम कार्डाला पैसे पडत नाहीत आणि वयाची अट घालू नये असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. हा माझा लेखी अर्जच समजावा. संमती अर्ज २० जूनपासून १२ फेब्रुवारीपर्यंत कुणाच्या टेबलावर होता ते लेखी कळवावे, कारण शिष्यवृत्तीला उशीर का झाला हे मला शाळेला कागदावर द्यायचे आहे. आणि कोऱ्या चौकोनावर सही घेणे थांबवावे.

त्या तरुण पोराला नोकरीवरून काढा असे मी म्हणत नाही. त्याला आपल्याच खात्यांच्या अटी माहीत नव्हत्या की माहीत असून त्याने शून्य काढले, हे मला कळलेले नाही. पहिले असेल तर त्याला शिकवणे आपले काम. दुसरे असेल तर त्याच्या वरिष्ठांशी बोलायला हवे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तो अर्ज टाइप करून तयार आहे, फक्त तारीख घालायची राहिली आहे.

कळावे,

खातेदार विद्यार्थिनीची आई व पालक
(सही)

सोबत : वहीच्या पानाची झेरॉक्स, पासबुकाची प्रत (खाते क्रमांक त्यावर आहे), सात एसएमएसचे प्रिंट, सीडिंग स्थितीचे जानेवारीतील व फेब्रुवारीतील प्रिंट.

ता. क. : कार्डावर मुलीचा फोटो आलेला नाही. कार्ड साधेच आहे. हे तिने मुद्दाम लिहायला सांगितले.